नवसाला गेलेली अंडी

"या सत्रात मी केमिस्ट्रीही सोडवणार आणि भ्रूणशास्त्रही!" खिमनं जाहीर केलं. "केमिस्ट्री अभ्यास करून आणि भ्रूणशास्त्र अंडी सांभाळून. त्यात अवघड काय आहे? आमच्या घरी सगळ्यांचा जन्म अंड्यांतच गेलाय!"

शेवटचं वाक्य तरी खरं होतं. खिमची लमाय मावशी नाखोन सावान शहरात, कालव्याच्या पुलाशी, डुकराच्या मटणाचा आणि अंड्यांचा रस्सा-भात विकायची. दालचिनी आणि चक्रीफुलाच्या काळसर रश्शात पहाटे टाकलेली अंडी दुपारपर्यंत जुन्या सागवानी कपाटाच्या रंगाची व्हायची. आईवडील बँकॉकला कारखान्यात, त्यामुळे खिम लहानपणापासून मावशीकडेच होती. आजवर तिनं हजारो अंडी उकडली होती, सोलली होती, वाढली होती. जिवंत ठेवायची वेळ मात्र पहिल्यांदाच येत होती.

भ्रूणशास्त्राचं प्रात्यक्षिक असं होतं. प्रत्येक जोडीला फलित अंडी मिळाली होती. खिम आणि तिचा जोडीदार नोप यांच्या वाट्याला दोन डझन आली. त्यातली एक तृतीयांश अंडी जशीच्या तशी ठेवायची, काही कॅफीनच्या पातळ द्रावणात बुडवून काढायची, काही दाट द्रावणात. मग सगळी ऊबदार पेटीत ठेवून पिल्लाची वाढ कशी होते ते पाहायचं, ठरलेल्या दिवशी फोडायची, आकृत्या काढायच्या आणि अहवाल लिहायचा. विषयाचे बहुतेक गुण याच एका गोष्टीला होते. शिष्यवृत्तीची अट अशी की एका विषयात नापास झालात तर समजून घेऊ, दुसऱ्यात झालात तर घरी जा. आणि ती समजून घेण्याची सोय गेल्या वर्षी केमिस्ट्रीनं वापरून टाकलेली होती!

म्हणजे अंडी गेली की शिष्यवृत्ती गेली, शिष्यवृत्ती गेली की कॉलेज गेलं, आणि मग उरलेला जन्म पुन्हा अंडी सोलण्यात. हिशेब साधा होता.

दुसरा आठवडा चालू असताना रच्चनी मॅडमनी वर्गात सांगितलं, "जोडून सुट्टी येतेय. इमारतीच्या वायरिंगचं काम आहे, लॅबची वीज बंद राहील. ज्यानं त्यानं आपापली अंडी घरी न्यायची आणि मंगळवारी सकाळी परत आणायची."

रच्चनी मॅडमना विभागात सगळे टरकून असायचे. त्यांच्या चष्म्याच्या काचा सूक्ष्मदर्शकाच्या असाव्यात असा मुलांचा दाट संशय होता.

"आमच्या घरी नेतो आम्ही!" खिम नोपला विचारण्याच्या भानगडीत न पडता म्हणाली.

"अंड्यांवर आकडे पेन्सिलनंच लिहिलेत ना?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. शाई कवचातून आत झिरपते, पिल्लाला बाधते."

"आणि शाई पुसली जाते. पेन्सिल काही केलं तरी जात नाही," मॅडम म्हणाल्या. "लक्षात ठेव."

प्रत्येक अंड्यावर तीन आकडे होते. पहिला टेबलाचा, खिम-नोपचं टेबल चौथं. दुसरा द्रावणाचा, शून्य म्हणजे काहीच न लावलेलं. तिसरा अंड्याचा. चारशे एक, चारशे दोन, चारशे अकरा, चारशे बावीस, असे.

मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याला भोक पाडून खिमनं आत बल्ब सोडला, वाटीत पाणी ठेवलं, थर्मामीटर अडकवला आणि पेटी स्वयंपाकघरामागच्या कोठीत ठेवली. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हे काय गं?"

"माझा कॉलेजचा अभ्यास आहे, मावशी. या पेटीला हात लावायचा नाही. बल्ब बंद करायचा नाही. काही म्हणजे काही नाही!"

"नाही लावणार बाई! स्वतः केलीस ही पेटी?"

"स्वतः."

"वायरिंगसुद्धा?"

"वायरिंगसुद्धा!"

मावशीनं समोर तळलेली केळी विकणाऱ्या सायबुआ काकूंना हाक मारून बोलावून घेतलं आणि पेटी दाखवली. "पोरीनं केलीय. कॉलेजचा अभ्यास!" काकूंनी लांबूनच पेटीला नमस्कार केला.

इथेच घोळाचं बी पडलं. खिमनं सांगितलं ते मावशीनं अक्षरशः ऐकलं. अभ्यास पेटीचा आहे. पेटीला हात लावायचा नाही. आत काय आहे याबद्दल पोरगी एक अक्षर बोलली नव्हती.

आता दुसरी बाजू. केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मावशी कालव्याकाठच्या वडाखाली आजोबांच्या ठाण्यावर जाऊन आली होती. हे आजोबा कोण, कुठले, कधीचे, हे पेठेत कोणालाच माहीत नव्हतं. पण ते नवसाला पावतात आणि त्यांना उकडलेली अंडी आवडतात, याबद्दल दुमत नव्हतं. मावशीनं शंभर अंडी कबूल केली होती.

"मावशी, अभ्यास मी करतेय आणि अंडी त्यांना?" खिम तेव्हा फणकारली होती.

"मग गेल्या वेळी काय झालं? अभ्यास होता. अंडी नव्हती."

प्रयोगाच्या दृष्टीनं या युक्तिवादात खोट काढणं सोपं नव्हतं.

रविवारी दुपारी ती आणि नोप वाचनालयात अहवालाची सुरुवात लिहीत होते. तेवढ्यात फोन थरथरला. केमिस्ट्रीचा निकाल! खिमनं एक डोळा मिटून पाहिला. पास! काठावर का होईना, पण पास! वाचनालयात ओरडता येत नाही म्हणून ती बाहेर धावली आणि तिथून मावशीला फोन केला.

"मावशी, केमिस्ट्री सुटली!"

"सुटली?" पलीकडून पळी पडल्याचा आवाज आला. "अगं माझे बाई! ठेव फोन, ठेव, मला कामं आहेत!"

खिमला वाटलं, मावशीला रडू आलं असेल. रडू आलंच होतं, पण नवस फेडायची घाईही होती. आजोबांना ताटकळत ठेवायचं नसतं. मागं एकीनं दुकान थाटण्यासाठी नवस केला, फेडायला चालढकल केली, तर उद्घाटनाच्याच दिवशी छप्पर खाली आलं होतं!

मावशीनं दुकानातली अंडी मोजली. दोन डझन कमी पडत होती. सुट्टीमुळे अंडीवाला गावाला गेलेला, बाजारपेठ बंद. शेजारीपाजारी विचारलं तर कोणाकडे दोन, कोणाकडे एक, आणि तेही फुटलेलं. हताश होऊन ती कोठीत मीठ आणायला गेली आणि तिला पेटीच्या भोकातून आत अंडी दिसली.

मावशीच्या मनात जे आलं ते तिनं नंतर सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. पोरीनं पेटी केली, ती चालते का ते बघायला आपल्याच दुकानातली अंडी आत टाकली. आणि टाकली ती टाकली, या उकाड्यात बल्बखाली! उद्यापर्यंत नासून जायची! शिकलेल्या पोरींना एवढंही कळत नाही! तिनं दोन बोटांनी झाकण उचललं, एकेक अंडं हळूच काढून घेतलं, झाकण पुन्हा जसंच्या तसं बसवलं. पेटीला धक्काही लावला नाही. बल्बही बंद केला नाही. चष्मा दुकानात गल्ल्यावर राहिला होता.

*

खिम संध्याकाळी गुणगुणत घरी आली. दुकान बंद होतं. कोठीत पेटी चालू होती. तिनं थर्मामीटर पाहिला. तापमान अगदी बरोबर होतं, वाटीतलं पाणी बरोबर होतं, दमट हवा बरोबर होती. फक्त अंडी नव्हती.

तिनं झाकण बसवलं. पुन्हा उघडलं. तरीही नव्हती.

"नोप!" ती फोनवर किंचाळली. "अंडी तू नेलीस?"

"मी कशाला नेऊ?"

"मग घोरपडीनं नेली!"

"घोरपडीनं नेली तर झाकण कोणी लावलं?"

समोरून सायबुआ काकू ओरडल्या, "अगं खिम, पास झालीस म्हणे! मावशी गेली ना नवस फेडायला. केवढी मोठी पातेली चढवली होती! मी म्हटलं, एवढी अंडी कुठून आणलीस? तर म्हणाली, घरातच सापडली."

खिम स्कूटर काढून निघाली ती पायांत दोन वेगळ्या चपला घालून. नोप वाटेत भेटला आणि मागे बसला.

"कच्चीच वाहिली असतील," तो वाऱ्यावर ओरडून म्हणाला. "धीर सोडू नकोस!"

"आजोबांना उकडलेली लागतात!"

"मग सोड."

वडाखाली गर्दी होती. एरवी तिथं दोनचार बायका, नवसाला वाहिलेले प्लास्टिकचे झेब्रे आणि स्ट्रॉ खोचलेल्या लाल सरबताच्या बाटल्या, एवढंच असायचं. आज जत्रा भरल्यासारखं वाटत होतं. मधोमध अंड्यांचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसलेली मावशी, आणि तिच्याभोवती सगळी पेठ फोनचे टॉर्च लावून अंड्यांवर वाकलेली!

मावशीनं भक्तिभावानं सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत पांढरी अंडी पुढच्या रांगेत लावली होती. ती स्वच्छ असणारच, खिमनं स्वतः पुसून घेतली होती. आणि त्या पुढच्या रांगेतल्या प्रत्येक अंड्यावर, उकळत्या पाण्यातून निघूनही, पेन्सिलीचे आकडे लखलखीत होते. मॅडम चुकीचं कधीच सांगत नसत.

"चारशे एकोणीस नाही, चारशे अकरा!" एक बाई सांगत होती. "नीट बघा!"

"याच्यावर चारशे बावीस!"

"मी एवढी वर्षं येतेय, आजोबांनी कधी खोडावर आकडा दिला, कधी मेणाच्या थेंबांत दिला. अंड्यावर लिहून पहिल्यांदाच दिला!"

परवा, मंगळवारी, सोळा तारीख होती. लॉटरीची सोडत. गळ्यात तिकिटांची लाकडी पेटी अडकवलेला विक्रेता कुठून उगवला ते कोणी पाहिलं नाही, पण तो उगवला होता, आणि चारनं सुरू होणारे तीन आकडे शेवटी असलेली तिकिटं झपाट्यानं संपत होती.

"थांबा!" खिम गर्दीत घुसली. "ही अंडी माझी आहेत! ते आकडे मी लिहिलेत!"

सगळी डोकी तिच्याकडे वळली. चुआन काका, पेठेतले सायकल दुरुस्तीवाले, पुढं सरकले. आकडे शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. कोणाच्या अंत्ययात्रेतही ते आधी गाडीचा नंबर बघत.

"तू लिहिलेस," ते हळू आवाजात म्हणाले. "पण तुला लिहायला कोणी सांगितलं, पोरी?"

"मॅडमनी!"

"कोणत्या मॅडमनी?"

"रच्चनी मॅडमनी! कॉलेजच्या!"

"त्यांना स्वप्न पडलं होतं का?"

"स्वप्न कसलं? हा प्रयोग आहे! ही कोंबडीची पिल्लं आहेत, आत वाढतायत... वाढत होती... यांच्यावर माझं पास-नापास आहे!"

"ऐकलंत?" चुआन काका गर्दीकडे वळले. "हिचं सगळं नशीब या आकड्यांवर आहे!"

खिमनं मदतीसाठी नोपकडे पाहिलं. नोप शांत स्वभावाचा, मुद्देसूद मुलगा होता. गोष्ट नीट समजावून सांगितली की माणसं ऐकतात, अशी त्याची ठाम समजूत होती. त्यानं घसा साफ केला.

"मंडळी, गैरसमज होतोय. यात देवाचं काही नाही. हे बघा, मधला आकडा शून्य असलेली ही अंडी. यांना आम्ही काहीच केलेलं नाही. अगदी शुद्ध. याला कंट्रोल म्हणतात. बाकी सगळ्यांची तुलना यांच्याशीच करायची असते."

"म्हणजे मुख्य हे!" कोणीतरी ओरडलं. "मधे शून्यवाले शुद्ध आहेत! बाकीचे नुसते सोबतीला!"

"तसं नाही, काका. आणि प्रत्येक प्रकारची आठ-आठ अंडी घेतली, ती चूक होऊ नये म्हणून."

"चूक होऊ नये म्हणून! आठ-आठ वेळा पडताळून दिलेत!"

"तू गप्प बस!" खिम त्याच्यावर खेकसली आणि हात जोडून गर्दीकडे वळली. "हे बघा, निदान खाऊ तरी नका कोणी! काहींना औषध लावलंय!"

"औषधी अंडी!" सायबुआ काकूंच्या जावेनं तीन अंडी नजरेनं राखून ठेवली. "आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना!"

"कॉफी आहे हो फक्त!" नोप कळवळून म्हणाला.

मावशी इतका वेळ गुडघ्यांवर तशीच बसून खिमच्या तोंडाकडे बघत होती. आता ती उठली, गर्दीतून वाट काढत आली आणि खिमचा दंड धरून तिला वडाच्या मागे घेऊन गेली.

"त्या पेटीतली अंडी," ती म्हणाली, "दुकानातली नव्हती?"

"नव्हती, मावशी."

"तोच अभ्यास होता?"

"हो."

मावशीनं साडेतीन दशकं चुलीपुढं काढली होती आणि तिचा चेहरा एरवी तव्यासारखा शांत असायचा. तो हळूहळू चुरगळला.

"म्हणजे मी तुझी परीक्षाच उकडली?"

खिमला खरं तर खूप काही बोलायचं होतं. वाटेत स्कूटरवर तिनं सगळं जुळवूनही ठेवलं होतं. पण मावशीनं ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसलं होतं, केसांत चमेली माळली होती, आणि खिमच्या केमिस्ट्रीसाठी दुपारभर उकळत्या पातेल्यापुढं उभी राहून तिचे हात लाल झाले होते.

"पेटी मात्र छान सांभाळलीस," खिम म्हणाली. "तापमान अगदी बरोबर होतं."

"टोमणे मारू नकोस गं!" म्हणून मावशी रडायला लागली. मग खिमही रडायला लागली. नोपनं थोडा वेळ दोघींकडे बघितलं आणि सभ्यपणानं झेब्रे मोजायला सुरुवात केली.

उदबत्ती पूर्ण जळेपर्यंत वाहिलेल्या गोष्टीला हात लावायचा नसतो. जळली की मात्र प्रसाद वाटून टाकायचा. खिमला आशा होती की तेवढ्यात मावशी दोन डझन बाजूला काढेल, त्यांतून काही तरी आकृत्या काढता येतील. मावशीचाही तोच बेत होता. पण शेवटची उदबत्ती विझायला आणि पेठेचा संयम सुटायला एकच गाठ पडली. आकड्यांच्या अंड्यांवर झुंबड उडाली! साधी अंडी तशीच पडून राहिली. त्यांच्याकडे कुत्रंसुद्धा बघेना, कारण कुत्र्याच्याही तोंडात चारशे तेवीस होतं.

चुआन काकांनी आपलं अंडं तिथंच फोडलं. आत पिवळ्या बलकाला बिलगलेलं, डोळ्यांचा ठिपका असलेलं इवलंसं पिल्लू. एका बाईनं किंकाळी मारली.

"आत जीव आहे! आजोबांनी जीव घातलाय!"

"अहो, आम्ही घातलाय!" नोप ओरडला, पण त्याचं आता कोण ऐकणार?

चुआन काकांनी पिल्लाकडे नीट पाहिलं, खिशातून मिठाची पुडी काढली, भुरभुरवलं आणि तोंडात टाकलं.

"आमच्या गावाकडं अशीच मिळतात," ते तृप्त होऊन म्हणाले. "पण याला किंचित कॉफीचा वास आहे."

सोमवारचा दिवस मावशीनं दारोदार फिरण्यात घालवला. एका आकड्याच्या अंड्याला दोन रश्श्याची अंडी आणि मटणाचा तुकडा, असा तिनं सौदा मांडला. एरवी त्या रश्श्यासाठी माणसं ऊन खात रांगेत उभी राहत. पण सोडत मंगळवारी होती. लोकांनी अंडी देव्हाऱ्यात ठेवली होती, उशाशी ठेवली होती. एका घरात तर तिजोरीत ठेवली होती. बाकीची पोटात गेलेली. दिवसभराच्या पायपिटीनंतर मावशीच्या डब्यात पाच अंडी जमली, त्यांतलं एक बदकाचं होतं आणि त्यावरचा आकडा कोणीतरी बॉलपेननं लिहिला होता.

*

मंगळवारी सकाळी खिम विभागात गेली तेव्हा मावशीही बरोबर होती. तेच रेशमी लुगडं, एका हातात रश्श्याचं भांडं, दुसऱ्या हातात अंड्यांचा डबा.

"तू नको येऊस," खिम तिला सांगून थकली होती.

"गुन्हा माझा आहे," मावशी म्हणाली. "मी चौथी शिकलेय. मला नापास केलं तर काही बिघडत नाही."

रच्चनी मॅडमनी चष्म्यावरून आधी भांडं पाहिलं, मग डबा, मग मावशी.

"खिम, तुझी अंडी कुठे आहेत?"

खिमनं तोंड उघडलं. पण मावशी तोवर हात जोडून जमिनीवर बसली होती.

"मॅडम, ती आजोबांनी घेतली. म्हणजे मीच दिली. पोरीचा दोष नाही. तिनं सांगितलं होतं, पेटीला हात लावू नको. मी लावला नाही. अंड्यांचं ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. शिक्षा करायची तर मला करा."

"आधी तुम्ही खुर्चीवर बसा," मॅडम म्हणाल्या.

मग सगळं सांगावं लागलं. नवस, पातेली, वड, आकडे, चुआन काका. मॅडमचा चेहरा हलला नाही. मधे एकदा त्यांनी फक्त विचारलं, "पेन्सिल उकळूनही गेली नाही ना?" खिम म्हणाली, "नाही मॅडम." मॅडमनी मान डोलावली. शास्त्रज्ञाला स्वतःचं विधान खरं ठरलेलं पाहून जितका आनंद होतो तितका झाला, जास्त नाही.

सांगून संपलं. खिमनं आपले दोन वेगवेगळ्या चपलांतले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. रविवारपासून तिला चपला बदलायचंही सुचलं नव्हतं.

"प्रयोगाच्या सामानाचं तू घरात नीट सांगितलं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "ही चूक तुझी. मावशींची नव्हे. पुढं प्रयोगशाळेत काम करशील तेव्हा पेटीतलं काय आहे हे झाडूवालीपासून संचालकापर्यंत प्रत्येकाला सांगायचं. कळलं?"

"हो मॅडम."

"जनरेटरवर चालणाऱ्या पेटीत विभागाची राखीव अंडी आहेत. नव्यानं सुरुवात कर. सत्र संपल्यावर सुट्टीत सगळे घरी बसतील, तू बसणार नाहीस. रोज येशील. आणि या चार..." त्यांनी डबा उघडून बदकाचं अंडं बाजूला ठेवलं, "...या उकडलेल्या चारांच्या आकृत्याही काढशील. वाया काही जाऊ द्यायचं नाही."

मावशीला 'नव्यानं' एवढाच शब्द समजला, पण तेवढा पुरला. ती पुन्हा जमिनीवर बसायला निघाली. खिमनं वेळीच धरलं.

दोघी दारापर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात मागून हाक आली.

"खिम. तू कंट्रोलची अंडी दिव्यावर धरून बघत होतीस ना? सगळ्यांत उत्तम वाढ कुठल्याची होती?"

"चारशे सहाची, मॅडम. अगदी पुस्तकातल्यासारखी."

"चारशे सहा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा खिमकडे. "खात्री आहे?"

"आठही अंडी पडताळली होती, मॅडम."

"ठीक आहे. नोंद असावी म्हणून विचारलं. जा."

त्या दिवशी मॅडमनी दुपारचं व्याख्यान लवकर संपवलं आणि फाटकाकडे चालत गेल्या, असं नोपनं सांगितलं. त्यांना इतक्या भरभर चालताना यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. खिमनं फारसं लक्ष दिलं नाही. ती राखीव अंडी पुसत होती.

दुपारनंतर सोडत झाली. चारनं सुरू होणारं काही लागलं नाही. शून्य मधे असलेलं नाही, शुद्ध नाही, सोबतीचं नाही, काही नाही. पेठेत सुतकी शांतता पसरली. चुआन काकांनी ठाण्यावर जाऊन आजोबांना खरमरीत चार शब्द सुनावले. संध्याकाळपर्यंत पेठेचं एकमत झालं की आकडे आजोबांचे नव्हतेच, कॉलेजातल्या कोणा मॅडमचे होते आणि त्या मॅडमना यातलं काही कळत नाही.

खिमनं सुट्टीभर काम केलं. यावेळी पेटीवर, झाकणावर, दारावर आणि विभागाच्या झाडूवालीच्या हातावरसुद्धा, आत काय आहे ते तिनं लिहून ठेवलं. अंडी वाढली, ठरलेल्या दिवशी फोडली, आकृत्या झाल्या, अहवाल गेला. निकालाच्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. नोप दाराबाहेर नखं खात उभा राहिला.

"पास केलंय," मॅडम म्हणाल्या. "आकृत्या उत्तम. मोजमाप चोख. मांडणी स्वच्छ. सगळ्यांत चांगला अहवाल तुझाच आहे."

खिमचे डोळे भरून आले. तिनं वाकून नमस्कार केला.

"पण एक सांगून ठेवते," मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि दाराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "तुझ्या कंट्रोलवर मी पुन्हा एक पैसासुद्धा लावणार नाही!"